बायजाबाईची किरायेदार

आमच्या मायले खोटं बोलता येत नाही. लोक हे कौतुकानं सांगतात. सांगू द्या. ज्याचं सरकारी कचेरीत काम अडलं आहे अन् ज्याची माय अशी आहे, त्यालेच माहीत, हे कौतुक केवढ्यात पडते.

मी विनोद. कोंढ्याच्या चौकात माहं वेल्डिंगचं दुकान आहे. खिडक्या, गेट, ट्रॉलीचे हुक, जे येईल ते जोडतो. माहं डोकं लवकर तापते, हे गावात सगळ्यायले माहीत आहे. बायको तृप्ती म्हणते का दुकानातली भट्टी बंद करता येते, तुमची नाही. म्हणू दे. पण त्या साली माह्या जागी कोणी थंड डोक्याचा माणूस असता, तरी त्यानं भिंतीवर डोकं आपटून घेतलं असतं.

ज्या नीमापायी हे सारं झालं, ती आफ्रिकेतली. टांझानिया नावाचा देश आहे, त्यात म्बेया म्हणून भाग आहे, तिथंही आपल्यासारखंच धान पिकते. ती नागपुरात शेतीच्या यंत्रांचं शिकाले आली, अन् होस्टेलात नेमकी आमच्या दीपमालाच्या खोलीत पडली. दीपमाला माही लहान बहीण, आता लग्न होऊन चंद्रपूरले असते. एका दिवाळीच्या सुट्टीत ती नीमाले घरी घेऊन आली. मायनं पोरीले वरून खालपर्यंत पाहिलं अन् म्हटलं, "बाप्पा, केवढं वाळलं लेकरू!" अन् ताट वाढलं. झालं. इकडे दीपमाला सासरी गेली अन् तिकडे तिची खोली नीमाची झाली.

शिक्षण झाल्यावर ती आपल्या देशात निघून गेली असती. पण तिच्या डोक्यात एक यंत्र होतं. धानातलं निंदण म्हणजे बायायच्या कमरेचं मरण, दिवसभर चिखलात वाकून राहा. नीमानं उभ्यानं ढकलाचं निंदणयंत्र काढलं होतं, पण ते कागदावर. ते लोखंडात आणलं मी. पहिलं आमच्या धानाच्या बांधीत चाकापर्यंत फसलं. दुसऱ्यानं गवत सोडून धानच उपटलं, तर माय धुऱ्यावरून ओरडली, "अरे, थांबवा त्या रेड्याले!" तिसरं मात्र असं चाललं का बाया रांग लावून पाहाले आल्या. नीमाच्या गावाकडच्या बायायच्या एका संस्थेनं मागणी लावली. तिनं कंपनी काढली, मले भागीदार केलं, धंद्याचा व्हिसा घेतला. माह्या दुकानासमोर सांगाडेच सांगाडे उभे झाले.

आता बाहेरदेशाचा माणूस आपल्या इथं राहून धंदा करन, तर त्याले राहण्याचा परवाना लागते. मुदत सरत आली का वाढवून घ्या लागते. नाही वाढला तर सामान बांधा अन् चालू लागा, मग तुमचा धंदा असो, नाहीतर जीव अडकला असो. मुदत सरत आली होती. आम्ही अर्ज टाकला.

त्या अर्जानं माहं रक्त आटवलं. फोटो टाका, तर म्हणे मागची भिंत पांढरी पाहिजे. भिंत पांढरी केली, तर म्हणे फाइल मोठी झाली. लहान केली, तर म्हणे चेहरा दिसत नाही. नीमाचा रंग सावळा, आमच्या गावची लाइट अशी, चेहरा दिसन तरी कसा? शेवटी भर उन्हात अंगणात चादर बांधली अन् तिले उभं केलं. तर ती हसतच सुटली. मी म्हटलं, "हसू नोको, हा परवाना आहे, लग्नाचा फोटो नोहे." ती म्हणते, "काहून ओरडून राहिला भाऊ? तू ओरडतो म्हणून तर हसू येते." अशी बोलते ती. नागपुरात हिंदी शिकली, अन् मायजवळ राहून आमची बोली. बस स्टँडवर तिचं बोलणं ऐकून लोक वळून वळून पाहतात.

त्या कागदायत राहण्याचा पुरावा मागितला होता. भंडाऱ्याच्या वकिलानं म्हटलं, "भाडेकरार करून टाका, सगळ्यात साफ काम." मी केला. घर मायच्या नावानं आहे, म्हणून सही मायची. तिनं चष्मा शोधला, सापडला नाही, विचारलं, "कायचा कागद आहे रे?" मी म्हटलं, "नीमाच्या कामाचा." तिनं सही ठोकली. किराया कोणी दिला नाही, कोणी मागितला नाही. कागदापुरतं होतं ते. सारं जगच असं करते.

मग एक दिवस मी अन् नीमा लोखंड आणाले भंडाऱ्याले गेलो, तृप्ती माहेरी, अन् घरी एकटी माय. नेमका त्याच दिवशी चौकशीचा पोलीस आला. सेवकराम त्याचं नाव, हवालदार. माणूस वाईट नाही. मायनं त्याले खाटेवर बसवलं, चहा दिला, मुरमुऱ्याचा चिवडा दिला. संध्याकाळी आम्ही आलो तर तिचा चेहरा असा फुलला होता का जशी पोरगी पाहून पाहुणे होकार देऊन गेले.

"पोलीस आला होता," ती म्हणते. "मी तुह्याबद्दल भौत चांगलं सांगितलं वो नीमे. मनापासून सांगितलं."

मी विचारलं, "काय सांगितलं माय?"

"त्यानं विचारलं, किराया किती देते? मी म्हटलं, किराया? आमच्या घरच्या पोरीजवळून किराया घेतो का आम्ही? तेवढे नाही गेलो खाली. दीपमाला तशी ही."

नीमानं हातातली पिशवी खाली ठेवली.

"मग त्यानं विचारलं, इथं काय काम करते? मी म्हटलं, विचारा काय करत नाही! या साली रोवण्यात माही कंबर धरली होती, तर माह्या बदल्यात सत्यभामाबाईच्या बांधीत ही गेली. बायायच्या बरोबरीनं धानाचे परे लावले, रोप न् रोप बराबर लायनीत. तो सारं लिहून घेत होता. चांगलंच लिहिलं असन."

आमच्या इथं रोवण्याची रीतच तशी आहे. आज आमच्या बांधीत तुमच्या घरची बाई येते, उद्या तुमच्या बांधीत आमच्या घरची जाते. पैसा नाही, मजुरी नाही, एका घरची एक बाई गेली पाहिजे बस. अन् मायनं आपल्या घरची म्हणून कोणाले पाठवलं? जिच्या व्हिसावर लिहिलं आहे का धंद्याशिवाय दुसरं काम करता येणार नाही, तिले. अन् ते सांगितलं कोणाले? पोलिसाले!

मी डोक्यावर हात मारून घेतला. "माय, तू तिले हाकलून लावलं!"

"मी?" माय म्हणते. "मी कायले हाकलीन?"

तिले समजावता समजावता माहा गळा बसला. कागदावर किरायेदार लिहिलं आहे, तू म्हणते पोरगी आहे. कागदावर लिहिलं आहे धंदा करते, तू म्हणते परे लावते. सरकार काय समजन? का हे सगळे खोटारडे आहेत. मायचा चेहरा उतरत गेला. पण पूर्ण उतरला नाही. मधेच ती म्हणते, "म्हणजे कागदच खोटा आहे ना? माहं बोलणं तर खरं आहे." मी अंगणातली बादली लाथेनं उडवली. पाणी माह्याच पायावर सांडलं.

पंधरवडा झाला असन, अर्जाचं उत्तर आलं. माहितीत तफावत आहे, अर्जदारानं अन् घरमालकानं भंडाऱ्याले प्रत्यक्ष हजर राहावं, खुलासा द्यावा, नाहीतर अर्ज नामंजूर समजावा. तारीख पुढच्या महिन्याची होती. नीमानं तो मजकूर मोबाइलवर वाचला, मग परत वाचला. मग पाना उचलला अन् असा फेकला का दुकानाच्या टिनाले पोचा पडला. एरवी हसणारी पोरगी. म्हणते, "भाऊ, मी खोटी नाही. मी चोरी नाही केली. दोन देशायचे कागद भरून भरून माहे डोळे गेले. तिकडच्या बाया रोज फोन करतात, यंत्र कवा येते. काय सांगू त्यायले? का मी परे लावले म्हणून मले काढून देऊन राहिले?" अन् ती रडाले लागली, तोंड न झाकता, लहान पोरासारखी. मले ते पाहवलं नाही. मी ग्राइंडर चालू केला, काही काम नव्हतं तरी.

उपाय एकच होता. मायनं भंडाऱ्याले जाऊन सांगाचं का ही माही किरायेदार आहे, किराया देते, पोलिसाले मी असंच प्रेमानं बोलली. दोन वाक्यं. दोन!

त्या संध्याकाळी वंदना झाल्यावर मी विषय काढला. आमच्या घरी रोज दिवेलागणीले बुद्ध-बाबासाहेबायच्या फोटोसमोर मेणबत्ती लागते, पंचशील होते. नीमा चर्चमधली पोरगी, पण मायच्या बाजूले बसून सगळं पाठ म्हणते. मी मायले दोन वाक्यं सांगितली. तिनं ऐकून घेतली अन् मेणबत्तीकडे बोट केलं.

"आत्ता काय म्हटलं मी? मुसावादा वेरमणी म्हटलं का नाही? खोटं बोलणार नाही म्हणून शील घेतलं. अजून मेणबत्ती विझली नाही, अन् तू मले खोटं शिकवून राहिला?"

"माय, हे कोणाचं नुकसान कराले नोहे. पोरीच्या भल्यासाठी आहे."

"जो खोटं बोलते, तो कोणाच्या ना कोणाच्या भल्यासाठीच बोलते."

"अवं, मग तिले जाऊ द्यायचं का?" मी ओरडलो. "तुह्या शीलासाठी तिचा संसार उठवायचा? सांग तिले तूच! सांग, का जा बाई, आमच्या मायले पुण्य लागलं आहे!"

तृप्तीनं मले हात धरून बाहेर काढलं. माय तिथंच बसून राहिली. नीमा तिच्याजवळ बसून होती, अन् मायच्या पायाची बोटं ओढत होती. तिलेही ते शील पाठ होतं ना. ती तरी कोणत्या तोंडानं म्हणन, का खोटं बोल?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो, तर स्वयंपाकखोली अन् दीपमालाच्या खोलीच्या मधातलं दार मायनं लोटलं अन् कडी घातली. मग अंगणातून फिरून नीमाच्या खोलीच्या अंगणाकडच्या दारावर गेली अन् कडी वाजवली. आपल्याच घराची कडी! नीमा डोळे चोळत बाहेर आली.

"आजपासून खोली किरायानं आहे," माय म्हणते. "कागदावर जेवढा लिहिला आहे, तेवढा किराया महिन्याच्या महिन्याले द्यायचा. मांगचा राहिला, तोही द्यायचा. शिजवाचं वेगळं. माह्या चुलीवर नाही."

मले आधी हसूच आलं. मनात म्हटलं, वा माय, सुचलं तुले! मी तोंडातला फेस थुंकून म्हटलं, "चालते ना, नाटक करू महिनाभर."

माय माह्याकडे वळली. "नाटक नोहे. नाटक खोटं असते. मले तिथं खरं बोलाचं आहे, तर आधी इथं खरं करा लागन."

अन् तिनं ते खरं केलं. असं खरं केलं का मले वाटे, याच्यापेक्षा ती खोटं बोलली असती तर बरं झालं असतं.

नीमानं गॅसची शेगडी आणली, कुकर आणला. तिले यंत्र बनवता येते, भात बनवता येत नाही. इतके दिवस आयतं खाल्लेलं. आमच्या घरी वरणाले फोडणी बसे अन् पलीकडे काहीतरी जळाल्याचा वास येई. माय ताटावर बसे, भिंतीकडे पाहे, अन् अर्धा भात तसाच ठेवून उठे. मी म्हणो, "माय, एक वाटी वरण दिलं तर सरकार काही बुडत नाही." ती म्हणे, "किरायेदाराले देतो का आपण?" "देतात लोक!" "एका वाटीनं भागणार नाही माहं," ती म्हणे. "एक वाटी दिली का मग मी ताट देईन. ताट दिलं का मी परत पोरगी म्हणीन. मले मी माहीत आहे."

एकदा नीमा सवयीनं अंगणातून थेट स्वयंपाकखोलीत शिरली. काहीतरी सांगाचं होतं, यंत्राची मूठ हलकी झाली म्हणून खुश होती. माय चुलीसमोरून उठलीही नाही. म्हणते, "बाई, आवाज देऊन येत जा." बाई! नीमे नाही, पोरी नाही. बाई. नीमा दारातच थांबली. "हो," म्हणाली अन् वापस गेली. मूठ हलकी झाल्याचं मले दुसऱ्या दिवशी दुकानात कळलं.

मग तिले ताप आला. मायनं तृप्तीले गवती चहाचा काढा करून दिला, किती उकळाचा, किती गूळ टाकाचा, सारं सांगितलं, पण स्वतः गेली नाही. आपल्या पायरीवर बसून राहिली, त्या दाराकडे पाठ करून. तृप्ती बाहेर आली का विचारे, "पांघरूण घेतलं का? घाम आला का?" मी पाहून राहिलो होतो. मले मायचा राग येई, त्या पोलिसाचा येई, वकिलाचा येई, अन् फिरून फिरून माहाच येई. कायले केला तो करार? पण राग कोणावर काढू? मी गिऱ्हाइकायवर काढला. एका माणसाचं गेट उलटं जोडून दिलं.

तारखेच्या दिवशी आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. मायनं पांढरं पातळ नेसलं होतं, विहारात जाताना नेसते ते. ती समोरच्या सीटवर एकटी बसली. नीमा मागं बसली, माह्याजवळ. तिकीट काढाले मी पैसे काढले, तर माय कंडक्टरले म्हणते, "माहं अन् पोराचं द्या. ती बाई आपलं काढन." कंडक्टरनं नीमाकडे पाहिलं. नीमानं आपलं तिकीट काढलं.

कचेरीत आम्ही बसलो. मग साहेब मीटिंगमध्ये आहेत, बसा. मग सर्व्हर बंद आहे, बसा. मग जेवणाची सुट्टी झाली. मग मले सांगितलं, झेरॉक्सवर सही पाहिजे, खाली जा. खाली गेलो, तर झेरॉक्सवाल्याची लाइट गेलेली. माहे दात दातावर आवळून दुखाले लागले होते. शेवटी बोलावलं.

टेबलामागं एक मॅडम होत्या, चष्म्यातल्या, थकलेल्या. रागीट नव्हत्या. त्यायनी सेवकरामचा रिपोर्ट समोर धरला अन् मायले विचारलं, "बायजाबाई, ही तुमच्याकडे भाड्यानं राहते?"

"हो. किरायानं राहते."

"भाडं देते?"

"देते. मांगचाही दिला. बँकेत टाकला, पुस्तक आणलं आहे."

मॅडमनं पुस्तक पाहिलं. "मग पोलिसांना तुम्ही वेगळं सांगितलं?"

"तवा घेत नव्हतो. आता घेतो." मायनं सरळ सांगितलं. मी खुर्चीचा हात आवळला. झालं, म्हटलं, गेलं सारं! पण मॅडमनं मान वर करून मायकडे पाहिलं, अन् मग काहीतरी लिहिलं.

"अन् शेतात काम करते?"

"एक दिवस गेली होती. माही कंबर धरली म्हणून. मजुरी घेतली नाही, कोणी दिली नाही. आता नाही जात. मी जाऊ देत नाही."

"वेगळी राहते? स्वयंपाक वेगळा?"

"वेगळा. दार बंद आहे मधातलं."

"नातं काय तुमचं?"

"जे किरायेदाराचं असते ते."

"म्हणजे तुमची कोणी नाही," मॅडम म्हणाल्या. त्यायले फक्त रकाना भराचा होता.

पंखा फिरत होता. मॅडमचा पेन कागदावर टेकून थांबला होता. नीमा खाली पाहत होती, दोन्ही हात मांडीखाली दाबून. मायनं तिच्याकडे पाहिलं. मग घसा साफ केला अन् म्हणाली, "कोणी नाही."

मॅडमनं लिहिलं. "पहिल्या वेळी म्हणून समज देऊन मंजूर करते आहे," त्या म्हणाल्या. "पण लक्षात ठेवा. पुढच्या वर्षी मुदत वाढवताना परत चौकशी होईल. मधेही कोणी येऊ शकतं, न सांगता."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी नाचाले पाहिजे होतं. इतक्या दिवसायची कटकट, इतके हेलपाटे, अन् काम झालं होतं. पण मी भिंतीले टेकून उभा राहिलो. नीमा पायऱ्या उतरून रसवंतीच्या सावलीत जाऊन उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून. माय म्हणते, "मले पाणी दे रे." बाटली तोंडाले लावली, तर अर्धं पाणी पातळावर सांडलं.

मंजुरी आली. सांगाडे पूर्ण झाले, रंग लागला, पहिली खेप गेली. तिकडच्या बायायनी बांधीत यंत्र चालवतानाचा व्हिडिओ पाठवला, गाणं म्हणत होत्या. नीमानं तो मले दाखवला, तृप्तीले दाखवला. मग मोबाइल घेऊन स्वयंपाकखोलीच्या दारापर्यंत गेली, उभी राहिली, अन् आवाज न देता वापस आली.

मी मायले म्हटलं, "आता तरी दार उघड. परवाना हातात आला ना! संपलं."

"पुढच्या साली परत विचारतीन ना ते?"

"पुढच्या सालचं पुढच्या साली पाहू."

"तवा काय सांगू? का मधातले दिवस पोरगी होती, अन् तुम्ही येणार म्हणून परत किरायेदार केली?" ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता. "मी तिथं बोलून आली विनोद. आता ते खरं ठेवा लागते."

"अवं, कोणासाठी?" माहा आवाज चढला. "ती राहावी म्हणून केलं ना सारं? मग ती राहिली कुठं? भिंतीपलीकडे राहिली! अशी ती म्बेयाले राहिली असती तरी काय फरक पडला असता?"

मायनं सुपातला एक खडा उचलला अन् अंगणात फेकला. "फरक पडते," ती म्हणाली. "तिथून कुकरचा आवाज येत नाही."

मी पायरीवर जाऊन बसलो. थोड्या वेळानं सूप बाजूले ठेवून तीही बाहेर आली अन् बाजूले टेकली. दिवेलागणीची वेळ होती. पलीकडे नीमाचा कुकर चढला होता. एक शिट्टी झाली. मग दुसरी झाली. मग गॅस बंद केल्याचा खटका आला.

"विनोद!" माय एवढ्या जोरात ओरडली का मी दचकलो.

"माय, मी इथंच बसलो आहे, बाजूले! काहून ओरडून राहिली?"

"जुन्या तांदळाचा भात दोन शिट्ट्यात शिजते का रे?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती माह्याकडे पाहत नव्हती, भिंतीकडे पाहत होती.

"नाही शिजत," मी म्हटलं. "माय, तिले ऐकू जाऊन राहिलं सारं."

"जाऊ दे. मी तुह्याशी बोलून राहिली. माह्या घरात माह्या पोराशी बोलाले परवाना लागते का?" अन् परत भिंतीकडे तोंड करून, तेवढ्याच मोठ्यानं, "तिसरी शिट्टी पाहिजे! नाहीतर मधात कच्चा राहते अन् रातभर पोट दुखते!"

पलीकडे काहीच आवाज आला नाही. भांडं नाही, पाऊल नाही. माय तशीच बसून राहिली, मान तिरपी करून.

मग लायटर वाजला. गॅस परत लागला. बऱ्याच वेळानं तिसरी शिट्टी झाली.

"हं," माय म्हणाली, अन् गुडघ्यावर हात टेकून मेणबत्ती लावाले आत गेली.